कपडे वाळत घालायची दोरी

रिकामी दोरी वर आली. शंकरच्या कमरेची गाठ खाली गटारात सुटली होती. दोरी माझी, कपडे वाळत घालायची. ठेकेदाराने माणसं आणली होती, दोरी आणली नव्हती.

"दादा, आवाज दे!" शंकरचा धाकटा भाऊ किसन गटारात वाकून ओरडत होता.

"दमला असेल," ठेकेदार म्हणाला.

"मेल्या, मग तू उतर की," मी म्हटलं.

उतरला किसन, तीच दोरी बांधून.

माणसाला गटारात उतरवायचं नाही असा कायदा आहे, असं नात सांगते. असेल. मी चौथी शिकलेली, कायदा वाचलेला नाही. पण घाण आमच्या गल्लीची होती आणि सगळी गल्ली नाकाला पदर लावून बघत होती. कायदा मोडतोय असं कुणालाच वाटलं नाही. तुंबलेलं वाहायला हवं होतं, एवढंच.

दोरीला हिसका बसला. आम्ही पाचसहा जणांनी ओढली. टोकाला शंकर होता, बेशुद्ध. किसनने स्वतःची गाठ सोडून भावाला बांधलं होतं. किसनला काढायला बंबवाले येईपर्यंत थांबावं लागलं.

जगला तो शंकर.