पाहुण्याचं पाणी

आमच्या गहिनीनाथतात्यांना जन्मात कधी नारू झाला नाही, आणि याचा त्यांना भारी तोरा होता. नांदूरघाटात त्या काळी नारू न निघालेला पाय शोधून सापडत नव्हता. उन्हाळा आला की कुणाच्या घोट्यावर, कुणाच्या टाचेवर फोड यायचा, फुटायचा आणि त्यातून दोऱ्यासारखा हातभर किडा निघायचा. तो काडीला गुंडाळत रोज बोटभर ओढायचा. तुटला तर माणूस महिनाभर अंथरुणावर. माझ्या आईचा, भिवराबाईचा, एक उन्हाळा धड गेला नाही. तात्या तिचे धाकटे दीर. सुट्टीला आले की तिच्या पायाकडे बघून म्हणायचे, "वैनी, नारूलाबी शिकलेला माणूस कळतो बरं."

शिकलेले तर ते होतेच. लहानपणापासून बीडला मामाकडे राहिले, मग हैदराबादला कॉलेजात गेले. गावी यायचे ते सुट्टीपुरते. निजामाच्या राज्यात उर्दूतून बी.एस्सी. झाले आणि एम.एस्सी.च्या वर्षी प्रोफेसरांनी त्यांना विषय दिला तो नेमका नारूचा. इतकी वर्षं तात्या तिथल्या मित्रांना आपण बीड शहरातले म्हणून सांगत. नारूच्या खेड्यातला म्हणवून घ्यायची लाज. आता त्याच खेड्यात सूक्ष्मदर्शकाची लाकडी पेटी घेऊन चार महिने राहणं आलं. गावानं त्या यंत्राला भिंग म्हटलं आणि विषय संपवला.

पाण्यात खसखशीएवढ्या पिसवा असतात, त्यांच्या पोटात नारूचं पिल्लू असतं, ते पाण्याबरोबर माणसाच्या पोटात जातं आणि वर्षानं पायातून निघतं, एवढं विलायती पुस्तकांत होतं. आमच्या बारवेत अशा पिसवा कोणत्या महिन्यात किती, हे तात्यांना मोजायचं होतं. त्यावर प्रबंध, प्रबंधावर पदवी.

पण पाणी आणायचं कुणी? बारवेच्या पायऱ्या उतरून पाणी भरणं बायकांचं काम. एम.एस्सी.चा माणूस घागरींच्या रांगेत उभा राहिला असता तर गाव वर्षभर हसलं असतं. तात्यांनी आईला काचेची बाटली दिली आणि रोज सकाळी बारवेचं पाणी भरून द्यायला सांगितलं. कशाला, ते सांगितलं नाही. बाईमाणसाला काय कळणार, हा शिकलेल्यांचा जुनाच रोग.

फाल्गुन गेला, चैत्र गेला. मान आखडेपर्यंत तात्या भिंगाला डोळा लावून बसत. पाणी नितळ. एक पिसू दिसेल तर शपथ. आणि इकडे आमच्याच आळीत अकरा जणांच्या पायाला काड्या. त्यांनी प्रोफेसरांना कळवलं. उत्तर आलं ते चार ओळींचं: पाण्यात काही नसेल तर प्रबंधातही काही नाही, ज्येष्ठ संपायच्या आत दाखवण्याजोगं आणा, नाहीतर वर्ष गेलं समजा. तात्यांनी दोन दिवस जेवण टाकलं आणि तिसऱ्या दिवशी पेटी बांधायला घेतली.

निघायच्या सकाळी शेवटची बाटली न्यायला ते स्वतःच मागच्या दारी गेले. आई बारवेवरून नुकतीच आली होती. तिनं जुन्या लुगड्याचं धुतलेलं फडकं घेतलं, दुहेरी केलं, बाटलीच्या तोंडावर धरलं आणि घागर कलती केली.

"वैनी, हे काय करता तुमी?"

"पाणी गाळते."

"कावून?"

"कावून म्हंजी? पावण्याला काडीकचऱ्याचं पाणी द्यावं का? आन तुमी तर लई शिकलेले."

"रोज गाळून देता?"

"रोज. एक दिस चुकले न्हाई."

तात्यांचा आवाज चढला. "माजं वर्ष बुडवलं तुमी," असं बोलून गेले. आई फडकं पिळायला लागली. ते बघून तात्यांच्या डोक्यात उजेड पडला. त्यांनी फडकं तिच्या हातातून ओढून घेतलं, उलटं करून ताटलीतल्या पाण्यात खळबळलं आणि त्यातला थेंब भिंगाखाली धरला. पिसवाच पिसवा, नुसत्या उड्या मारत होत्या. चौथ्या थेंबात एकीच्या पोटात वेटोळं घातलेलं पिल्लू दिसलं.

त्यांनी आईलाही दाखवलं. तिनं बराच वेळ डोळा लावून ठेवला.

"एवढंसं हाय व्हय," ती म्हणाली.

तात्यांनी दबकत विचारलं, "वैनी, मी सुट्टीला येतो तवा माजं प्यायचं पाणी..."

"तुमचा तांब्या येगळाच गाळते की. पयल्यापासनं."

"आन घरच्यांचं?"

"घरचे कुटं पावणे हायती?"

तात्या तिथंच भिंतीला टेकून रडले. लाजेनं रडलो, असं पुढे ते स्वतः सांगत.

पेटी पुन्हा सुटली. दुसऱ्या दिवसापासून तात्या स्वतः घागर घेऊन बारवेत उतरले. गाव पोट धरून हसलं. तात्या म्हणाले, हसू द्या. न गाळलेलं पाणी आणि गाळलेलं पाणी, दोन्ही मोजून त्यांनी प्रबंध पुरा केला आणि पदवी मिळवली. दुहेरी फडक्याची गोष्ट प्रबंधात आली, तशी घरोघरही गेली.

नारू वर्षानं निघतो, त्यामुळे पुढच्या उन्हाळ्यात आधी प्यालेल्या पाण्याचं भोगावं लागलंच. फडक्याचा गुण कळायला त्याच्यापुढचा वैशाख यावा लागला. तात्या हैदराबादहून आले, आईच्या पाया पडायला वाकले ते उठेचनात. घोटे, टाचा, बोटांच्या बेचक्या, सगळं निरखत राहिले.

"उठा भावजी," आई म्हणाली. "काय न्हाई निघलं औंदा. मी रोज बघते."

तात्यांनी डोळे पुसले आणि पाणी मागितलं. आईनं सगळ्यांच्या माठातून तांब्या भरून दिला.