बेलची वायर कुणी सोडवली?

मंडळी, यवतच्या आमच्या घराची बेल चार दिवस गप्प हाय. परवा बाहेरचं बटण बदललं, तरी तेच. आज सकाळी स्टुलावर चढून बेल उघडली, तर एक वायर सोडवून तिला काळी टेप गुंडाळलेली. निसटलेली वायर स्वतःला टेप लावून घेत न्हाई.

माझा संशय वरच्या भाडेकरूवर. कंपनीत रातपाळी करतो, दिवसा झोपतो, बेल वाजली की कुरकुरतो. तडक वर गेले. खिडकीत टेपचं रीळ.

तो डोळे चोळत म्हणाला, "भाभी, वायर मैंने निकाली, पर बाबा ने बोला था."

बाबा म्हंजी माझे सासरे, आमचे आबा. मोतीबिंदूमुळं त्यांना माणूस ओळखू येत न्हाई.

खाली येऊन विचारलं. "व्हय, मीच सांगितलं," आबा म्हणाले. "बेल लावल्यापासनं कुणी हाक मारंना. हाक आली की मला माणूस कळतं. बेल सगळ्यांची सारखीच वाजती."

वायर तशीच ठेवलीय. पण मी बटण बदललं, भाडेकरूवर संशय घेतला, आन् दाराशीच बसणाऱ्या आबांना काही विचारायचं मला सुचलंसुद्धा न्हाई. तुमच्या घरात असं कोण हाय?