रडारवरचा हार

तीस वर्षं एसटी चालवली. त्यामुळे रस्त्याबद्दल मला कोणी शहाणपण शिकवलेलं खपत नाही. आणि माझ्या मुलीचं तर कामच ते. स्वतःहून चालणाऱ्या गाड्यांना पावसात, धुक्यात समोरचं कसं दिसावं, याच्यावर ती पुण्यात डोकं चालवते.

गेल्या वर्षापासून माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. घरात कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं की स्टीअरिंग सुटलं, हे पक्कं ठाऊक होतं.

थंडीत ती नवी गाडी घेऊन यवतमाळला आली. पूर्ण स्वतःहून चालणारी नव्हे, पण वेळ आली तर आपोआप ब्रेक मारणारी. सकाळी दारव्ह्याला माझ्या बहिणीकडे हुरड्याला जायचं होतं. नवी गाडी अन् पूजा नाही? मुलगी उठायच्या आत मी गाडी धुतली. समोरच्या काचेवर, आरशाच्या जरा वर, कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं. पुढच्या जाळीवर झेंडूचा हार असा करकचून बांधला, की कंपनीचं चिन्हही दिसेना.

गाडी सुरू केली तर पडद्यावर पिवळी अक्षरं. समोरचं दिसत नाही, स्वतः लक्ष द्या.

"बाबा, तुमी तर गाडीले आंधळी कोशिंबीर खेळाले लावलं!" मुलगी पोट धरून हसली. काचेमागे कॅमेरा असतो, धुक्यात त्याची आपल्या डोळ्यांसारखीच फजिती होते. चिन्हामागे रडार. ते लहरी सोडतं, त्या समोरच्या वस्तूवर आपटून परत येतात, आणि धुकं त्यांना फारसं अडवत नाही.

"पण ओला झेंडू अडवते," ती म्हणाली.

"देवाच्या फुलानं बंद पडते, हे कसली गाडी!" मी हार सोडला, स्वस्तिक पुसलं. मनातून मात्र ओशाळलो होतो. दिसेनासं झालं तर त्या यंत्राने भर अंगणात कबूल तरी केलं.

चावी मीच घेतली. गावाबाहेर धुकं दाट होत गेलं.

"बाबा, मी चालवू का?"

"बस गुपचूप. हा रस्ता मले तोंडपाठ आहे."

रस्ता पाठ होता हो, पण त्याच्यावर उभी ट्रॉली कुठून पाठ असणार? गाडी एकाएकी किंचाळली आणि गचकन थांबली. चार हातांवर कापसाने शिगोशीग भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली. मागे दिवा नाही. पांढऱ्या धुक्यात पांढरा कापूस.

"मले दिसली होती," मी म्हणालो. "मी ब्रेक मारूनच राह्यलो होतो."

माझा पाय अजून ॲक्सिलरेटरवर होता. तिने तो पाहिला. एरवी माझ्याशी वाद घालायची एक संधी न सोडणारी पोरगी, तिने फक्त हात पुढे करून धोक्याचे दिवे लावले. ते बघून मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"नाही दिसली," मी म्हणालो. "मोतीबिंदू आहे. साल होऊन गेलं."

"काहून नाही सांगतलं?"

"तू गाडी सोडाले लावली असती."

तिने डोळे पुसले. "उतरा," म्हणाली.

मी डावीकडे जाऊन बसलो. तिथे पायाखाली काहीच नसतं. तरी दारव्हा येईपर्यंत माझा उजवा पाय ब्रेक दाबत होता, आणि पोरगी एकदाही हसली नाही.