तीन पोप आणि उंद्रीच्या गंगूबाई

सहाशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांवर इतक्या मनापासून चिडणारा माणूस साऱ्या बुलढाण्यात दुसरा नसेल. आमच्या शेजारचे फादर इथल्या चर्चचे धर्मगुरू खरे, पण त्यांचा मुक्काम कायम मध्ययुगातल्या युरोपात. सकाळी भाजीची पिशवी घेऊन निघाले की फाटकाशी थांबून म्हणायचे, "तो माणूस फार हटवादी हो. थोडं नमतं घेतलं असतं तर काय बिघडलं असतं?" मी गल्लीतली दोन-चार नावं मनात घोळवायचो, मग कळायचं, की हा एक पोप. त्या काळी म्हणे एकाच वेळी तीन पोप होते आणि तिघंही स्वतःलाच खरा म्हणवून घेत. या भांडणात फादरांची तीस वर्षं गेली. लॅटिन वाचता वाचता चुलीवरचं दूध उतू जायचं, आणि रविवारच्या प्रवचनात त्या भांडणातला एखादा कार्डिनल शिरला की मागच्या बाकांवरची मंडळी घड्याळ बघायला लागायची.

अखेर पुण्याच्या एका परिषदेनं त्यांना निबंध वाचायला बोलावलं. आयुष्यातलं पहिलंच बोलावणं. पुण्याची रेल्वे नांदुऱ्याहून होती. त्यांना सोडायला मी बसस्टँडवर गेलो आणि तिथंच फोन आला. वीस वर्षं त्यांचा स्वयंपाक केलेल्या गंगूबाई चिखलीकडच्या उंद्रीला लेकीकडे अंथरुणाला खिळल्या होत्या. लेक म्हणाली, "माय सारखी तुमचं नाव घेऊन राह्यली." फादर क्षणभर नांदुऱ्याच्या बसकडे बघत राहिले, मग चिखलीच्या बसमध्ये चढले. त्यांच्या मागोमाग मीही.

"फादर, काही बोला," बाई म्हणाल्या. फादरांना दुसरं बोलता येतंच कुठे? त्यांनी पिशवीतून निबंध काढला आणि खाटेशी बसून सोपा करून सांगू लागले. तासभर बाईंनी डोळे मिटले नाहीत.

"मंग तिघायतला खरा कोन होता?"

"त्यावर अजून एकमत नाही, बाई."

"तुम्ही सांगून टाका ना. लोकायले काऊन टांगून ठेवता?"

परतताना बसमध्ये फादरांनी निबंध घडी करून पिशवीत ठेवला. मग म्हणाले, "शेवटपर्यंत ऐकणारं माणूस मला आज पहिल्यांदाच भेटलं."

आठवड्याभरात बाई गेल्या. निबंध निदान टपालानं तरी पाठवा, असं परिषदेनं कळवलं, पण फादरांनी तो पाठवला नाही. मी एकदा विचारलं, तर खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाले, "तो वाचून झाला आहे."