म्यानाकडे न बघणारे सावंत सर

ज्यांनी मला तलवार धरायला शिकवलं, ते सावंत सर आज सकाळी गेले.

हो, तलवार. जपानी. आणि तीही मुलुंडमध्ये.

दर रविवारी सकाळी साडेसहाला, ईस्टला, एका शाळेच्या हॉलमध्ये आम्ही पाच जण जमायचो. सर बहात्तर वर्षांचे. औषधांच्या कंपनीत स्टोअरला होते. तिथे आलेल्या एका जपानी इंजिनिअरकडून शिकले आणि रिटायर होईपर्यंत ऑफिसात कुणाला बोलले नाहीत.

पहिल्या दिवशी मी विचारलं, "सर, हिला धार आहे?"

"नाही. सरावाची आहे."

मला हायसं वाटलं.

"पण हे तुला माहीत. तिला सांगू नकोस," असं म्हणून सरांनी तलवार समोर ठेवली आणि कपाळ जमिनीला टेकवून तिला नमस्कार केला.

या प्रकारात समोर कुणीच नसतं. गुडघे मोडून बसायचं, समोर शत्रू आहे असं मानायचं. तलवार काढायची, वार करायचा, परत म्यानात घालायची. एवढंच.

सरांनी करून दाखवलं तेव्हा पंखा बंद होता. हवा कापल्याचा एकच आवाज आला.

समोर नसलेला माणूस मला पडताना दिसला. देवाशपथ.

मग सर म्हणाले, "गुडघो गेलो रे. उचल माका."

मला काढणं जमलं. वार जमला. म्यान करणं जमेना.

टोक डाव्या हाताच्या बोटांवरून सरकवत म्यानाच्या तोंडात घालायचं, आणि खाली बघायचं नाही. मी दर वेळी बघायचो. घरून निघताना गॅसचं बटण तीनदा बघणारा माणूस मी.

"तुझो दुश्मान म्यानात बसलोहा काय रे?" सर ओरडायचे. बाकीचे हसायचे.

दोन वर्षं हेच. मग एकदा सगळे गेल्यावर सरांनी मला थांबवलं.

"समोरचा पडलाय. अजून जीव आहे त्याच्यात. तो पूर्ण जाईपर्यंत त्याच्यावरून नजर काढायची नाही."

"तो उठून मारेल म्हणून?"

"ते पण आहेच. पण मरणाऱ्याला एकटं टाकून आपण आपलं सामान आवरायचं? तलवार कुणीही उपसेल रे. नंतर तिथे थांबणं कठीण."

त्यावर मी त्यांना जे सांगितलं, ते आईलाही माहीत नाही. आई, वाचशील तर माफ कर.

बाबा गेले तेव्हा मी खाली मेडिकलमध्ये औषध आणायला गेलो होतो, असं मी सगळ्यांना सांगितलंय. औषध माझ्या खिशात होतं. सकाळीच आणलेलं. मला बाबांकडे बघवत नव्हतं, म्हणून मी खाली जाऊन उभा राहिलो.

सरांनी समजूत घातली नाही.

"बस. परत कर."

त्या दिवशी कितीतरी वेळा करून घेतलं. मी प्रत्येक वेळी खाली बघितलं.

गेले चार दिवस सर घरीच ऑक्सिजनवर होते. हॉस्पिटल नको, असं त्यांनीच सांगितलेलं. आज पहाटे काकूंचा फोन आला. मी गेलो तेव्हा सरांच्या दोन श्वासांमध्ये मोठी गॅप पडत होती.

मी उठलो.

"काकू, मी सिलिंडरवाल्याला फोन करून येतो."

"इथूनच कर ना रे," काकू म्हणाल्या. "रेंज आहे इथे."

फोन माझ्या हातातच होता.

मी परत बसलो. पलंगाशी, जमिनीवर, गुडघे मोडून. सरांचे डोळे अर्धे उघडे होते. मी त्यांच्या डोळ्यांत बघत राहिलो. मध्येच त्यांचा हात चादरीवरून सरकला, तो धरला. हात कुठे आहे ते बघितलं नाही.

एक श्वास आला. मी पुढच्याची वाट बघितली.

काकूंनी पुढे होऊन सरांचे डोळे मिटले, तोपर्यंत मी तिथेच होतो.

सर, शत्रू समजून कुणाकडे तरी बघायला तुम्ही मला शिकवलंत, असं इतकी वर्षं वाटायचं. तसं नव्हतं.

तुम्हाला वाकून शेवटचा नमस्कार.