मामाजींचं गंजाशी वैर

माझ्या आत्याच्या नवऱ्याइतका गंजाचा धसका घेतलेला माणूस उभ्या आदिलाबाद जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. आम्ही त्यांना मामाजी म्हणायचो. राजुऱ्याला तहसीलच्या दफ्तरात ते कारकून होते, आणि तेव्हा राजुरा आमच्याच जिल्ह्यात होतं. कुणाच्या घरी गेलं की लोक आधी ख्यालीखुशाली विचारतात. मामाजी आधी दाराच्या कडीवरून बोट फिरवायचे, ते नाकाशी न्यायचे आणि घरधन्याला सांगायचे, "तुमची कडी गंजून राह्यली, तुमाले पत्ताच नाई." घरधनी बिचारा चहाचं सांगायचं विसरून तेलाची बाटली शोधत सुटायचा.

त्यांच्या बैठकीच्या खिडकीत देव नव्हते, पेले होते. प्रत्येकात एक खिळा. एकात साधं पाणी, एकात मिठाचं, एकात उकळून वर तेलाचा थर दिलेलं, एकात धुण्याच्या सोड्याचं. सोड्यातला खिळा महिनोन्‌महिने नव्यासारखा राहायचा आणि मिठातला दोन दिवसांत तांबडा व्हायचा. येईल त्याला मामाजी समजावून द्यायचे, "लोखंडाले पानी एकटं खात नाई, हवा एकटी खात नाई. दोघं संगं बसून खातात, आन् मीठ त्यांले वाढते." एकदा दफ्तरातले पेशकारसाहेब भर उन्हातून आले आणि हाताला लागला तो पेला त्यांनी तोंडाला लावला. तो सोड्याचा निघाला. साहेब थुंकत परसात धावले आणि आमचे मामाजी खिळा शाबूत आहे ना ते पाहत राहिले. आत्याने आतून पाण्याचा तांब्या नेला म्हणून निभावलं.

तरी माणूस खोटा नव्हता हो. पटकीच्या साथीत विहिरींत टाकायची ब्लीचिंग पावडर शिपायाने कुलपांच्या कपाटात ठेवली, तर मामाजींनी दफ्तर डोक्यावर घेतलं. "याच्या नुसत्या वासानं कुलपं मरतीन," म्हणाले. सगळे हसले. कपाट उघडलं तर कुलपांवर खरंच तांबूस बुरा धरला होता.

या साऱ्या वेडाचा लाडका मानकरी म्हणजे आत्याचं शिलाई मशीन. पायाने चालवायचं, माझ्या आजोबांनी लग्नात दिलेलं. आत्या मुखदुर्बळ. चार बायकांत गेली तर पदराशी चाळा करत बसायची. पण पोलक्याचं माप घेताना तिला शब्द सुचायचे. राजुऱ्यातल्या तिच्या साऱ्या मैत्रिणी त्या मशीननेच तिच्या दारात आणून बसवल्या होत्या. मामाजी रोज त्याला तेल द्यायचे, रॉकेलच्या फडक्याने पुसायचे. आत्याला त्यांनी कधी गजरा आणला नाही, पण मशीनची सुई कधी अडकू दिली नाही.

मग राज्यांची नवी वाटणी झाली. राजुरा मराठी मुलखाकडे जाणार, आदिलाबाद आंध्रात जाणार, आणि मामाजींचा तबादला आदिलाबादला. आत्या रडवेली झाली. "मले तेलगू येत नाई. तिथं कोनासंग बोलू मी?"

"मशीन हाय ना तुहं," मामाजी म्हणाले. "पोलकं शिवाले भाषा कायले पाह्यजे? बाया आपोआप येतीन." त्या एका वाक्यावर आत्या तयार झाली.

निघायच्या तोंडावर खंडेनवमी आली. त्या दिवशी घरातलं झाडून सारं लोखंड घासूनपुसून पुजायचं, आणि पूजा झाली की दसऱ्यापर्यंत त्याला हात लावायचा नाही. राजुऱ्यातला हा शेवटचा दसरा. साऱ्या बायका यायच्या होत्या, म्हणून मशीन झळकलं पाहिजे असं मामाजींनी मनावर घेतलं. तळाचे भाग उघडून चिंचेने घासले. मनासारखी चकाकी येईना. तेव्हा जन्मभर मिठाला शिव्या घालणाऱ्या या माणसाने चिंचेत मूठभर मीठ कालवलं. मशीन असं लखलखलं म्हणता. आत्या म्हणाली, "तेलाचा हात तं फिरवा."

"देवीपुढं तेला-रॉकेलचा वास? पूजा होऊ दे."

पूजेत त्यावर ओलं हळदकुंकू चढलं आणि मग कुणी हात लावायचा नव्हताच. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे बैलगाडी दारात. मशीन तसंच गोणपाटात गुंडाळलं गेलं. आदिलाबादेत घर मिळेपर्यंत सामान एका ओलसर गोदामात पडून राहिलं, आणि नव्या साहेबांच्या धाकात मामाजींना कशाची आठवण राहिली नाही.

मी लग्न होऊन आदिलाबादशेजारच्याच मावला गावी आले होते, म्हणून घर लावायला गेले. गोणपाट मीच सोडलं. चाक हलेना. तळाचं सगळं एकमेकांत तांबडं चिकटून बसलं होतं. मामाजींनी सवयीने बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि सदऱ्याला पुसून टाकलं. आत्या म्हणाली, "राहू द्या आता. जेवून घ्या." त्या गंजाबद्दल याहून जास्त ती कधीच बोलली नाही. त्यापेक्षा भांडली असती तर बरं झालं असतं.

मिस्त्रीने हात टेकले आणि नवं घेण्याची ऐपत नव्हती. शेजारची एक बाई एकदा कापड घेऊन आली, खुणेने पोलकं दाखवू लागली. आत्याने मान हलवून नाही म्हटलं. मग कुणी आलं नाही. कित्येक वर्षं आत्या त्या दारात बसून रस्त्याकडे नुसती बघायची. मला अजून त्याची हळहळ वाटते. मामाजींनी लोकांच्या कड्या तपासणं सोडलं. खिडकीतले पेले गेले. दफ्तरातून आले की ते मशीनपाशी बसून रॉकेलचा थेंब थेंब सोडायचे. पेन्शनीत निघाल्यावरही तेच.

आणि एका दुपारी चाक फिरलं. मी तिथेच होते. मामाजींनी आत्याला हाक मारली. आत्याच्या डोळ्यांत तोवर मोतीबिंदू उतरला होता, सुईचं नेढं काय, सुईच दिसत नव्हती. ती हात पुसून आली, चाचपत बसली आणि पाय चालवू लागली. मशीन टकटकायला लागलं.

"चालते ना?" मामाजींनी विचारलं.

"चालते. अगदी पह्यलेसारखं," आत्या म्हणाली.

दोरा नव्हता, कापड नव्हतं. तरी आत्या पाय थांबवेना. थांबली असती, तर आता काय शिवतेस असं मामाजींनी विचारलं असतं.