वीज आणायला पाच दिवसांची रजा

आमच्या गोदामात खिडकीजवळ बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. वापरलेला जनरेटर उघडला, साफ केला, पुन्हा जोडला की दोन-तीन स्क्रू उरतातच. मशीन झकास चालू होतं, पण हे स्क्रू कुठले होते ते कुणाला आठवत नाही. फेकवत नाहीत, म्हणून डब्यात जातात. एमेकाच्या गोष्टींचं माझ्याकडे तसंच झालंय. वर्षभर साठल्यात. आज डबा उपडा करते.

आधी माणसं सांगते, म्हणजे घोळ नको. गोदाम दुबईत, रास अल खोरला. आम्ही जुने जनरेटर, इन्व्हर्टर, बॅटऱ्या विकत घेतो, दुरुस्त करतो आणि कंटेनर भरून नायजेरियात, लागोसला पाठवतो. एमेका लागोसचाच, तिकडची गिऱ्हाइकं तो सांभाळतो. डिमेलो साहेब वसईचे, मॅनेजर. महाडिक काका गुहागरकडचे, फोर्कलिफ्ट चालवतात. मी कागदपत्रं बघते. इथेच, दुबईच्या करामा भागात वाढले, बारावीनंतर स्कॉटलंडला राज्यशास्त्र शिकायला गेले, मागच्या वर्षी परत आले. जग बदलायचं होतं. तूर्त पॅकिंग लिस्टा बदलते.

*

डिमेलो साहेबांनी पॅन्ट्रीत स्वतःच्या हाताने पाटी लावली आहे: इथे धर्म आणि राजकारण बोलू नये. पाटी पाळली जाते. कुणी घरच्या निवडणुकीचा विषय काढला की साहेब नुसतं पाटीकडे बोट करतात, आणि माणूस चहात साखर ढवळायला लागतो.

पण रोज सकाळी दहाला मीटिंग असते. तिच्यात एमेका 'मार्केट अपडेट' देतो. माझ्या पहिल्या दिवशी तो उभा राहिला आणि त्याने सलग वीस मिनिटं त्यांच्या वीजमंत्र्याची, दोन राज्यपालांची आणि सगळ्या संसदेची सालटी काढली.

मी हळूच साहेबांना विचारलं, "सर, ती पाटी?"

साहेब वहीत लिहून घेत होते. मान वर न करता म्हणाले, "अगं, हे राजकारण नाही. डिमांड आहे."

*

त्याच आठवड्यात मी त्याच्याशी वाद घातला. माझ्या डोक्यात तेव्हा प्रबंध ताजा होता. मी त्याला सांगितलं की तुमच्याकडे खरा प्रश्न संस्थांचा आहे; नागरिक आणि सरकार यांच्यातला करारच मोडलेला आहे. एमेकाने लक्ष देऊन ऐकलं. तो सगळ्यांचंच असं ऐकतो, म्हणून माणूस फसतो.

"प्रोफेसर," तो म्हणाला. तेव्हापासून माझं नाव तेच आहे. "आमच्या घरी वीज कोण देतं? पप्पांचा जनरेटर. पाणी? पप्पांनी खणलेली बोअर. गल्लीच्या तोंडाशी फाटक आहे, त्यावरच्या वॉचमनला पगार पप्पा आणि शेजारी मिळून देतात. रस्त्यातला खड्डा पप्पांनी दोनदा बुजवला. आमचं सरकार घरातच आहे. करार कुणाशी मोडणार?"

"मग तुझे वडील म्हणजे राष्ट्राध्यक्ष?"

"हो. आणि आई विरोधी पक्ष. तिच्यामुळे जनरेटर दहाला बंद होतो."

मी हसले, पण संध्याकाळी मेट्रोत तेच डोक्यात घोळत राहिलं. माझ्या प्रबंधाला तीन परीक्षक होते. त्यातल्या एकानेही मला विचारलं नव्हतं की रस्त्यातला खड्डा कोण बुजवतं.

*

नायजेरियात काय चाललंय हे मी आता बातम्या न वाचता सांगू शकते. तिकडे पेट्रोलवरची सरकारी सवलत काढली तेव्हा आमच्या यार्डात पेट्रोलचे छोटे जनरेटर धूळ खात पडले आणि सगळे सोलर इन्व्हर्टर मागायला लागले. तिकडचं चलन घसरलं की एमेका भाव सांगताना शेवटी म्हणतो, "हा भाव दुपारच्या जेवणापर्यंत." देशाची वीजवाहिनी एकदम बंद पडली की त्याचे दोन्ही फोन एकाच वेळी वाजतात.

मी उत्साहाने याचा तक्ता केला. एका रेषेत तिथल्या घडामोडी, दुसरीत आमच्या ऑर्डरी. मीटिंगमध्ये लावला. साहेब खूश. महाडिक काका लांबून बघत म्हणाले, "म्हणजे त्यांच्याकडे जेवढा अंधार, तेवढा आपल्याकडे ओव्हरटाइम."

 एमेका तक्त्याजवळ गेला. ऑर्डरींची रेषा जिथे संपत होती तिथून त्याने बोट खाली खाली नेलं, पार कागदाच्या बाहेर, भिंतीवर.

"मला ही इथे बघायची आहे," तो म्हणाला.

साहेब म्हणाले, "तक्ता काढ गं तो."

*

तिकडची निवडणूक जवळ आली तशी एमेकाची गोष्ट कळली. त्यांच्याकडे परदेशातून मत देता येत नाही. ज्या केंद्रावर नाव आहे तिथे स्वतः जावं लागतं. एमेकाचं नाव लागोसला, वडिलांच्या गल्लीतल्या शाळेत. तो दोनदा गेला होता. पहिल्यांदा पोचला, तर मतदार कार्डच तयार नव्हतं. दुसऱ्यांदा कार्ड होतं, रजा होती, तिकीट होतं. आणि मतदानाच्या आदल्या रात्री जाहीर झालं की निवडणूक आठवडाभर पुढे. रजा संपली, तो परत आला. तेव्हा एमेका अडतीस वर्षांचा होता आणि त्याने तोवर एकदाही मत दिलेलं नव्हतं.

महाडिक काकांना हे पटेचना. ते एमेकाशी हिंदीत बोलतात आणि एमेकाला ते हिंदी समजतं, हे आमच्या गोदामातलं एक न उलगडलेलं कोडं आहे.

"तुमको गाडी नहीं भेजता?" काकांनी विचारलं.

"कसली गाडी?"

मग काकांनी समजावलं. त्यांच्या गावचे निम्मे मतदार मुंबईला. मतदान आलं की उमेदवार मुंबईहून गाड्या सोडतो. रात्री बसायचं, वाटेत जेवण, सकाळी गावात. मत द्यायचं, घरची भाकरी खायची, परत. "मी मुंबईला होतो त्या टायमाला दोन पार्टीच्या दोन गाड्या होत्या. एकीने गेलो, दुसरीने आलो."

"आणि मत कुणाला?"

"ज्याच्या गाडीचा एसी चालू होता त्याला."

एमेका इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. मग त्याने तिकीट किती ते सांगितलं. अठराशे दिरहम. काकांनी मोठ्याने हिशेब केला, "म्हणजे चाळीस-बेचाळीस हजार! एका मताला?"

"काका, तिकडे पुष्कळ लोक आपलं मत विकतात," एमेका म्हणाला. "मी माझं विकत घेतोय."

*

मतदान कसं होतं तेही काकांनी विचारून घेतलं. बटण नाही, शिक्का नाही. मतपत्रिकेवर शाईचा अंगठा उठवायचा.

"सगळे अंगठेबहाद्दर?" काकांनी मराठीतच विचारलं. अक्षरशत्रूला आपण असं म्हणतो, हे मला भाषांतर करून सांगावं लागलं.

"सगळे," एमेका म्हणाला. "व्हाइस चॅन्सलरसुद्धा."

या गप्पांत मी मधे पडले. मतदान हा हक्क नसून जबाबदारी आहे, शंभर वर्षांपूर्वी बायकांनी यासाठी तुरुंगवास सोसला, वगैरे. मी चांगलं बोलते. काकांनी फोर्कलिफ्ट बंद केली होती.

माझं संपल्यावर एमेकाने अगदी साधेपणाने विचारलं, "प्रोफेसर, तू शेवटचं मत कुणाला दिलंस?"

माझा पासपोर्ट भारताचा. त्यावर पत्ता ठाण्याचा, आजोबांच्या घराचा. परदेशातल्या मतदारांसाठी नोंदणीचा एक फॉर्म असतो. तो माझ्या लॅपटॉपवर चार वर्षांपासून पडून होता. प्रबंधासाठी उतरवला होता, परिशिष्टात.

काकांनी फोर्कलिफ्ट चालू केली. त्या माणसाला कधी आवाज करायचा ते बरोबर कळतं.

*

रजा हा खरा पेच होता. एमेकाची वार्षिक रजा संपली होती, वडिलांच्या आजारपणात. आणि नेमक्या त्याच आठवड्यात दोन कंटेनर निघायचे होते. तो साहेबांच्या केबिनमध्ये गेला तेव्हा मी तिथेच सह्या घेत होते.

"ओगा," तो म्हणाला. त्यांच्याकडे साहेबाला ओगा म्हणतात. "पाच दिवस हवेत. मत द्यायला जायचंय."

"कुणाला देणार?"

"जो वीज आणेल म्हणतोय त्याला."

साहेबांनी चष्मा काढला. काचेतून बाहेर बघितलं. तिथे एकावर एक रचलेले दीडशे जनरेटर उभे होते.

"म्हणजे तू वीज आणायला चाललायस," ते सावकाश म्हणाले, "आणि रजा मी द्यायची?"

"हो, ओगा."

"आली तर आपण काय खायचं?"

"ओगा, इन्व्हर्टर दुरुस्त करणारा माणूस पंखेही विकू शकतो. वीज आली की पंखे लागतीलच."

साहेबांनी चष्मा परत चढवला. कॉम्प्युटरवर रजेचा फॉर्म उघडला. त्यात कारण लिहायला जागा नाही, यादीतून निवडावं लागतं: वार्षिक, आजारपण, हज, कुटुंबातलं दुःख. साहेब यादी वर-खाली करत राहिले. मग कर्सर शेवटच्या ओळीवर थांबला.

"इथे रुग्णाशी किंवा मयताशी नातं विचारतात," साहेब म्हणाले. "कोण गेलं सांगू?"

"अजून गेला नाही, ओगा. व्हेंटिलेटरवर आहे."

"कोण?"

"देश."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी सह्यांच्या कागदात डोकं घातलं. त्यांनी एका बोटाने टाइप केलं. नंतर मी तो फॉर्म फाइलला लावला म्हणून मला माहीत आहे. नात्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं: जवळचं.

एमेका दारापर्यंत पोचल्यावर साहेबांनी विचारलं, "आणि पुन्हा पुढे ढकलली तर?"

"ढकलली तर, इन्शाल्ला, पुढच्या वेळी."

"पुढच्या वेळी तू बेचाळीसचा असशील."

"हो," एमेका म्हणाला. "तेव्हा पंखे जोरात चालतील."

*

तो बुधवारी गेला. मार्केट अपडेट बंद पडला. गुरुवारी दहा वाजता सगळे मीटिंगला बसले, साहेबांनी वही उघडली, मिटली, आणि आम्ही उठलो. शुक्रवारी काकांनी मला विचारलं, "काय गं, ढकलली का?" शनिवारी, मतदानाच्या दिवशी, त्यांनी सकाळपासून चारदा विचारलं. मी एमेकाला मेसेज केला. एकच टिक आली. दुपारी साहेब स्वतः माझ्या टेबलाशी आले, कुठल्याशा बिलाचं विचारलं, आणि जाता जाता म्हणाले, "तुमच्या माणसाचं काही?" संध्याकाळपर्यंत एकच टिक. मग मी लॅपटॉपवरचा तो फॉर्म उघडला आणि, नुसतं बसून काय करायचं म्हणून, भरायला घेतला.

सोमवारी सकाळी आठला हजेरीची रांग लागली होती. आमच्याकडे हजेरीला दाराशी अंगठ्याचं मशीन आहे. अंगठा ठेवला की हिरवा दिवा लागतो आणि आतली बाई इंग्रजीत 'थँक यू' म्हणते. रांगेत सर्वांत पुढे एमेका होता. विमानतळावरून सरळ आलेला, पायाशी बॅग. दोन्ही हातांत आमचे कामाचे जाड हातमोजे चढवलेले. त्याने उजव्या हाताचा मोजा काढला.

अंगठा नखापासून पेरापर्यंत जांभळा होता.

त्याने तो मशीनवर ठेवला. लाल दिवा. बाई म्हणाली, "प्लीज ट्राय अगेन."

त्याने पुन्हा ठेवला. लाल. "प्लीज ट्राय अगेन."

मागे तीस-पस्तीस माणसं. आठ वाजून तीन मिनिटं. उशीर झाला की अर्धा दिवस कापतात. कुणीतरी मागून अरबीत घाई केली, "यल्ला, हबीबी." एमेकाने तिसऱ्यांदा ठेवला. लाल.

तो मागे वळला. डोळे झोपेने सुजलेले. "तिकडे कार्ड तपासायलाही असंच मशीन होतं," तो म्हणाला. "सहा तास उन्हात उभा राहिलो. माझा नंबर आला तर तेही असंच नाही म्हणालं. पुन्हा पुन्हा. माझ्या मागे एक म्हातारी होती. ती म्हणाली, पोरा, हलू नकोस."

एवढ्यात साहेब आले. त्यांना हजेरी नसते, ते बाजूच्या दाराने जातात. त्यांनी रांग बघितली, घड्याळ बघितलं, अंगठा बघितला.

"एमेका, डावा लाव. दोन्ही नोंदवलेले आहेत."

एमेकाने मान हलवली आणि उजवाच ठेवला. "प्लीज ट्राय अगेन."

रांगेत चुळबुळ सुरू झाली. महाडिक काका त्याच्या बरोबर मागे होते. त्यांनी दोन्ही हात पसरले, गाडी मागे घेताना पसरतात तसे, आणि सगळ्या रांगेला सांगितलं, "कोई धक्का नहीं मारेगा. उसका होने दो."

साहेब क्षणभर बाजूच्या दाराशी थांबले. मग आपली बॅग खांद्यावर नीट केली, चालत मागे गेले, आणि रांगेत शेवटी उभे राहिले.